दोन बदल फुकट

"ये खाली जगह क्यों छोड़ी है?" गुलाबरावांनी बुटाच्या टोकाने जमिनीवरची चुन्याची रेघ दाखवली.

ठेकेदार सतबीरने हातातला कागद उलटसुलट करून पाहिला. ग्रेटर नोएडातल्या त्या रिकाम्या प्लॉटवर सकाळपासून आखणी चालली होती. खुंट्या ठोकून, सुतळ्या ताणून, त्यांच्याखाली चुना टाकून घराच्या खोल्या जमिनीवर उमटल्या होत्या. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत तीन फूट जागा कोरी होती.

"पीछे का दरवाज़ा है, साहब. नक्शे में है. परसों मैडम ने ही तो नया वाला भेजा था."

झालं! मॅडम म्हणजे गुलाबरावांची बायको अलकनंदा. ती त्या चुन्याच्या स्वयंपाकघरात मधोमध उभी होती.

नकाशा तयार मिळालेला. गुलाबराव केंद्र सरकारच्या खात्यात सेक्शन ऑफिसर, आर्किटेक्टच्या नादी लागणाऱ्यांतले नव्हेत. इंटरनेटवरून पंचवीस बाय पन्नासचा रेडीमेड नकाशा घेतला, वर दोन बदल फुकट. त्यात मागचं दार होतं. पहिल्या बदलात त्यांनी तेच उडवलं. फाइलीवर शेरा मारावा तसं कागदावर लिहिलं, 'दार रद्द. अप्रूव्ड', आणि खाली सही ठोकली. म्हणे, मागच्या दाराने चोर येतात.

चोर कसले डोंबलाचे! त्यांच्या सरकारी क्वार्टरच्या स्वयंपाकघरामागे एक लोखंडी जिना आहे. नवऱ्याच्या मारातून अलकनंदा त्या जिन्याने तीनदा पळाली होती. होळीच्या दिवशी डोक्यात पोळपाट बसला, तेव्हा तोच जिना उतरून शेजारच्या कुमुदिनीकडे पोचली म्हणून वाचली. गुलाबरावांना हे ठाऊक होतं. त्यांना ठाऊक आहे, हे तिलाही ठाऊक होतं. आता वर्षभरात ते रिटायर होणार, क्वार्टर सुटणार आणि दोघं या घरात राहायला येणार. मागचं दार नसेल तर पुढच्या होळीला आपण नसू, हे तिने पक्कं ओळखलं होतं.

म्हणून दुसरा फुकट बदल तिने वापरला. नकाशावाल्यांना फोन केला, ऑर्डर नंबर सांगितला, दार परत मागितलं आणि नवा कागद परस्पर सतबीरला व्हॉट्सॲपवर धाडला. एकदा भिंत उभी राहिली की तोडतायत कशाला, असं तिला वाटलं. पण भिंत उभी राहण्याआधी जमिनीवर आखतात आणि दाराची जागा तेव्हाच दिसते, हे काही बाईला सुचलं नाही.

"अच्छा," गुलाबराव म्हणाले. "मैडम ने भेजा."

ते सावकाश स्वयंपाकघरात आले. रेघ ओलांडून नाही, पुढच्या दारासाठी सोडलेल्या जागेतून. घरी हात उचलण्याआधी ते खिडक्या लावून घेत. इथे लावायला खिडक्याच नव्हत्या. सतबीर आणि चार मजूर बघत होते.

पहिली थप्पड कानावर बसली. दुसरीने ओठ फाटला.

"अहो, लोक बघतायत," ती म्हणाली. काय म्हणावं या बाईला! रक्त हिचं आणि काळजी यांच्या अब्रूची.

"कुठे जायचं होतं त्या दारातून? बोल ना! कुमुदिनीकडे?" त्यांनी तिला वेणी धरून खाली पाडलं आणि बरगडीत लाथ घातली. सतबीर "साहब, साहब" करत पुढे झाला, तर त्यांनी खुंट्या ठोकायचा हातोडा उचलला. "घर का मामला है. उधर खड़ा रह!" सतबीर जागीच थांबला.

मग एका हातात हातोडा तसाच धरून त्यांनी दुसऱ्या हाताने चुन्याचं घमेलं ओढलं आणि मूठमूठ चुना टाकत ती तीन फुटांची जागा भरून काढली. वाकून, नीट, रेघेला रेघ मिळवून.

"हं. आता पळ बघू."

खरं तर पळायला काय झालं होतं? भिंत होती कुठे? वीतभर उंचीच्या सुतळ्या, पांढऱ्या रेघा आणि पलीकडे सगळं मोकळं रान. पण अठ्ठावीस वर्षांची सवय! उठून तिने पुढच्या दाराकडे पाहिलं, तर वाटेत ते उभे. मागच्या दाराकडे पाहिलं, तर तिथे चुना. ती मागे सरकत कोपऱ्यात गेली आणि भिंतीला पाठ टेकायला म्हणून कलली, ती सपशेल आडवी झाली. हात घमेल्यात पडला.

गुलाबरावांनी हातोडा वर नेला. तिने मूठ भरली आणि सगळा चुना त्यांच्या डोळ्यांत फेकला.

ते किंचाळले. त्यांच्या घरात इतकी वर्षं किंचाळण्याचं काम तिचं होतं, त्यामुळे हा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. हातोडा खाली पडला. दोन्ही हातांनी डोळे चोळत ते धडपडले, पाय सुतळीत अडकला, गुडघ्यांवर आदळले, उठले आणि दुसऱ्या सुतळीत अडकले. सतबीर पाणी आणायला टँकरकडे धावत सुटला.

"अलका! आग होतेय गं! काही दिसत नाहीये. मला बाहेर काढ. कुठून येऊ? इकडून येऊ?"

अलकनंदा उठली. बरगडी दाबून धरत, रेघेवर सरळ पाय टाकून ती बाहेर आली. ओढणीने ओठ पुसला आणि वळून उभी राहिली.

"मागून दार होतं," ती म्हणाली. "तुम्हीच बुजवलंत."