चार इंच

"चार इंच," ड्रायव्हर म्हणाला. "त्याच्या खालचं बोलूच नका."

दवाखान्याची जीप गॅरेजच्या रॅम्पवर चढवलेली होती. तिच्या पोटावर दगडांचे ओरखडे होते. वरच्या वस्तीचा रस्ता म्हणजे नुसता ओढा. दिवस भरलेल्या बाईला आणायला गेलं की गाडी एकदा तरी अडायचीच. परवा तर अशी रुतली की सिस्टरने गाडीतच बाळंतपण उरकलं. आई आणि बाळ सुखरूप राहिली. दुसऱ्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांनी ड्रायव्हर आणि सिस्टरला इथे धाडलं.

"चार इंच उचलायची तर स्प्रिंगा कडक येतील," मिस्त्री म्हणाला. "नाहीतर दोनच इंच उचलू, स्प्रिंगा नरम ठेवू, आणि डिफ लॉक बसवू. एक चाक हवेत फिरत राहिलं तरी दुसरं गाडी ओढून काढतं."

"गाडी उंच असली की अडेलच कशाला? लॉक नको नि बिक नको."

तशीच उंच केलेली एक जीप दारात उभी होती. मिस्त्रीने किल्ली पुढे केली. "चक्कर मारून बघा."

सिस्टर सवयीने मागे चढली. ड्रायव्हरने गाडी गॅरेजमागच्या खडकाळ माळावर घातली. बोकडासारख्या उड्या मारत ती पार गेली. कुठे म्हणून घासली नाही. तो खुशीत उतरला.

"काय सिस्टर? लोणी की नाही?"

सिस्टर टाळूवर हात फिरवून बोटं बघत होती. रक्त नव्हतं.

"आता तुम्ही मागे झोपा," ती म्हणाली. "उताणे."

"मी?"

"तुम्हीच."

तो हसत हसत आडवा झाला. सिस्टरने पाण्याचा भरलेला कॅन त्याच्या पोटावर ठेवला. "दोन्ही हातांनी धरा. सोडायचा नाही." स्टिअरिंगवर मिस्त्री बसला.

पहिल्या दगडाला आतून "अरे!" ऐकू आलं. मग "हळू!" मग "थांब, थांब की रे बाबा!" मिस्त्री थांबला नाही. माळ तोच होता, वेगही तोच. जीप परत आली.

ड्रायव्हर दाराला धरून खाली उतरला. शर्ट पाठीला चिकटला होता. कॅन काखेत तसाच होता.

"मग? चार?" मिस्त्रीने विचारलं.

"दोन. नरम स्प्रिंगा. आणि ते लॉक टाका."

"खाली दगड लागतील हं."

"उतरून बाजूला करीन."

सिस्टरने त्याच्या काखेतला कॅन काढून घेतला. त्याचं लक्ष नव्हतं. तो रॅम्पवरच्या आपल्या जीपकडे, तिच्या मागच्या दाराकडे बघत होता.

"मागून ओरडणं आलं ना, की मी आरशात बघून म्हणायचो," तो म्हणाला, "'झालंच ताई, आता रस्ता चांगला आहे.'"