लागोपाठ दोन

"ते सगळं ठीक आहे, पण बँड कुठाय?" चौघींच्या डोक्यांवरून दारापलीकडे पाहत हार्लनने विचारलं.

"हा काय, तुमच्यासमोर उभाय," डेल म्हणाली.

"तसं नव्हे गं पोरी. ड्राय क्रीक बँड. तो डेल, घोगऱ्या आवाजाचा."

"तो डेल मीच."

हार्लनच्या हातातलं डोनट तोंडाशी जाता जाता थांबलं.

ॲबिलीन गावच्या त्या रेडिओ केंद्रावर कोणतं गाणं लागायचं आणि कोणतं नाही, हे हार्लन ठरवायचा. डेल हे नाव त्या मुलखात बापाचंही असतं, लेकीचंही. आणि तिचा आवाज होताही तसाच. लहानपणापासून उभ्या वाऱ्यात गुरांना हाका घालून पिकलेला, आडातल्या पाण्यासारखा खोल.

कित्येक वर्षं चौघींनी जत्राजत्रांतून, नाचघरांतून गाडी हाकली होती. दरेक दारात तेच. बँड कधी येणार? नवरे कुठायत? सामान उतरवायला गडी नाहीत? उत्तरं देऊन देऊन फिडल वाजवणाऱ्या ट्वायलाच्या जिभेला धार आली होती आणि डेलच्या जिभेला गंज. या उन्हाळ्यात मात्र त्यांचं गाणं रेडिओवर लागलं. हार्लनने लावलं म्हणून आजूबाजूच्या केंद्रांनी लावलं. रोडिओच्या, उधळत्या घोड्याबैलांवर बसायच्या खेळांच्या मैदानात लोक त्यांच्याबरोबर गाऊ लागले. ज्या नाचघरांनी तोंडावर दार लावलं होतं, तिथून फोन येऊ लागले. हार्लनचे आभार मानायला म्हणून तर आज त्या डोनटांचा खोका घेऊन आल्या होत्या.

"बाई!" हार्लन मटकन खुर्चीत बसला. "उन्हाळाभर मी बाई लावत होतो!"

"आम्ही नाव पाठवलं, गाणं पाठवलं," ट्वायला म्हणाली. "मिशा आहेत का, ते तुम्ही कुठे विचारलंत?"

"चेष्टा नको. तासाला एक बाई, हा इथला नियम. बाईचं गाणं म्हणजे चिलीच्या रश्शातली मिरची. एक हवीच. लागोपाठ दोन दाताखाली आल्या, की माणूस ताटावरून उठतो. दुसरं केंद्र लावतो. माझी बाईची जागा लीटा केंड्रिकनं भरलीय." त्याने पलीकडच्या खोलीत गाणी लावणाऱ्या निवेदकाला आवाज दिला, "लीटा संपली की ड्राय क्रीक लावू नकोस. आजपासून बंद. दुसरं काहीतरी लाव. गड्याचं."

डेलने डोळे मिटले. केंद्रं एकमेकांचं बघून गाणी लावतात आणि एकमेकांचं बघूनच काढतात. इथे पडलेलं गाणं सगळीकडे पडणार. पुन्हा तीच धूळ, तीच दारं, तोच प्रश्न. तिला रडू येत नव्हतं, नुसता वीट आला होता.

मग तिने डोळे उघडले. "लीटा संपली की, म्हणालात. आमचं गाणं रोज लीटाच्याच पाठोपाठ लागतं?"

"मग? बाईच्या पाठोपाठ एक भरदार पुरुषी आवाज हवा. तोंडाची आग शमते. म्हणून तर तुझा..." हार्लन अडखळला.

"म्हणजे उन्हाळाभर तुम्ही लागोपाठ दोन बायका लावल्यात," डेल म्हणाली. "कोण उठलं ताटावरून?"

"कळलं नाही म्हणून नाही उठले!" हार्लन ओरडला. "मला तू पुरुष वाटलीस, तशी त्यांनाही वाटलीस! उद्या कळू दे, मग बघ."

भिंतीवरच्या स्पीकरमधून लीटाचा आवाज विरत गेला. कुणी एक गडी आपल्या ट्रकचे गुण गाऊ लागला.

टेबलावरचा फोन वाजला. हार्लनने वैतागून बटण दाबलं. एका म्हाताऱ्या गुराख्याचा आवाज खोलीभर घुमला. मागे गाई हंबरत होत्या.

"हार्लन, लेका, हे काय लावलंयस? लीटा पोर गाऊन गेली, आता आमची डेल पोर कुठाय? रोज एकीनं साद घालायची, दुसरीनं ओ द्यायची. आजच का रे त्या बहिणी-बहिणींची ताटातूट केलीस?"