आतली चावी

एकच चावी होती, म्हणून जुनी गाडी स्वस्तात मिळाली. दुसऱ्याच दिवशी भर उन्हात मुरबाडच्या बाजारात नवऱ्यापाठोपाठ सारिका उतरली आणि दारं आपोआप खटकन लॉक झाली. चावी आत, दीड वर्षांची अक्षदाही आत. नवऱ्याने फोन ठेवला. "चावीवाला निघालाय गो. वीस मिन्टं थांब, काच नको फोडू." सारिकाने काचेला डोळे लावले. मघापासून रडणारी पोर आता रडत नव्हती, सीटवर कलंडली होती. शेजारच्या कांदेवालीचं दोन किलोचं वजन उचलून सारिकाने मागच्या काचेवर हाणलं. तिसऱ्या घावाला काच फुटली. नवऱ्याने पोरीला बाहेर काढलं, तरी ती गप्पच. कांदेवालीने तोंडावर पाणी मारलं, तेव्हा कुठे अक्षदाने भोकाड पसरलं. नवरा तिला गप करायला लागला. "नका ओ," सारिका म्हणाली, "रडू द्या तिला."