थोरल्याचा नमस्कार

तोक-ग्यूने काठी भिंतीला टेकवली आणि तो चटईवर उभा राहिला. पुढे पूर्वजांचं ताट मांडलेलं, मद्याचा पेला ठेवून झालेला. मागे घरातले सहा पुरुष रांगेत. स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको माल-सुन ओल्या हातांनी उभी.

"दादा, खुर्ची आणू?" धाकटा भाऊ सांग-ग्यू मागून हळूच म्हणाला. "बसून मान झुकवलीस तरी बाबा काही रागावणार नाहीत."

"बाबा नाही रागावणार," तोक-ग्यू म्हणाला. "मी रागावेन."

माल-सुनने दिराकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. गेली तीन वर्षं छुसकच्या, सुगीच्या सणाचा नमस्कार भावाच्या जागी तोच घालत होता, आणि बरा घालत होता. त्याने आणलेल्या पेटीत वरच्या थराला पोसलेल्या नाशपाती आणि खाली लिंबाएवढ्या, एवढं मात्र तिने सकाळीच बघून ठेवलं होतं. आज थोरल्याला स्वतःच्या पायांवर उठता आलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून पूर्वजांचं ताट तैगू शहरात, सांग-ग्यूच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी जाणार, असं काल सगळ्यांसमोर ठरलं होतं. ठरवलं तोक-ग्यूनेच.

काकांनी ताटातलं एक लाल बोर बोटभर पूर्वेला सरकवलं. ऐंशी वर्षांचे काका. लाल फळ पूर्वेला, पांढरं पश्चिमेला, यात त्यांनी सख्ख्या भावालाही कधी सूट दिली नव्हती.

"चला," ते म्हणाले. "मेलेल्यांनाही भूक लागते."

तोक-ग्यू वाकला. आधी अधू डावा गुडघा, मग उजवा, मग चांगला हात, मग कपाळ. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले होते, आता आहे एवढंच. त्याला अडीच वर्षं झाली. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी तोल सावरायच्या वर्गात जाऊन तो मऊ गादीवर उभं राहायला शिकत होता. वर्ग घेणारी नाम नावाची पोरगी चर्चला जाणारी. तिने हा नमस्कार जन्मात घातला नव्हता. तोक-ग्यूने खुर्चीत बसून तो तिला शिकवला, आणि मग त्यातून उठायचं कसं, ते तिने त्याला.

मागची रांग त्याच्यामागोमाग खाली गेली. थोरला उठल्याशिवाय कोणी डोकं वर करायचं नाही, ही या घराची रीत. सहा कपाळं जमिनीला, सहा पाठी छताकडे. बघणारी एकटी माल-सुन.

त्याने उजवं पाऊल चटईपुढे टाकलं, हात गुडघ्यावर दाबला. पाऊल घसरलं.

माल-सुनने जमिनीकडे पाहिलं. वर्गात रबरी लादी होती. इथे लाकूड, आणि सणासाठी कालच तिने त्यावर तेलाचा बोळा फिरवून त्याचा आरसा केला होता. वर पांढरा कोरा मोजा. तोही तिनेच आणलेला.

पुन्हा पाऊल. पुन्हा घसरलं, आणि या वेळी तो कोपरावर आदळला. आवाज झाला. सांग-ग्यू अर्धा उठला. काकांनी कपाळ न उचलता हात लांबवला आणि त्याच्या पँटचा घोळ पकडला.

"कुठे निघालास?"

"काका, दादा पडला."

"म्हणजे खालीच आहे ना? मग तूही खालीच राहा." जरा वेळाने तोच आवाज पुन्हा आला, "तोक-ग्यू, निवांत उठ. मला अजून इतकं वाकता येतं, हे मलाही आजच कळतंय."

रांगेतली एक पाठ हसू दाबताना हलली.

तोक-ग्यू डाव्या अंगावर कलून बसला. आपल्या पावलाकडे त्याने बघितलं, मग ताटाकडे. आणि उजव्या हाताने मोजा ओढून काढला.

माल-सुनने तोंडावर हात ठेवला. पूर्वजांपुढे उघडा पाय, केवढी बेअदबी! ऐन उन्हाळ्यातही या घरात कोणी तसं उभं राहिलं नव्हतं. आणि तेही काका घरात असताना.

उघडं पाऊल त्याने लाकडावर ठेवलं. पाचही बोटं पसरली, मग आवळली. नाक अंगठ्याच्या पुढे न्या, मगच उठा, असं ती नाम सांगायची. त्याने नाक पुढे नेलं, इतकं की आता तोंडावरच पडणार. पडला नाही. मांडी थरथरायला लागली. ती थरथर कमरेत गेली, खांद्यात गेली, लोंबत्या डाव्या हाताच्या बोटांत गेली, आणि तिच्यातूनच माणूस वर येत होता. वीतभर. मग आणखी वीतभर. चाळीस वर्षं माल-सुनने याच माणसाला जेवून उठताना, भांडून उठताना पाहिलं होतं. उठणं ही श्वास रोखून बघायची गोष्ट असते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तो उभा राहिला. मागे सहा जण जमिनीला टेकलेले, आणि अख्ख्या घराण्यात उभा असलेला पुरुष तो एकटा. डुलत होता, पण उभा होता.

तो खाकरला. रांग उठली, गुडघे कडाकडा वाजले. काका सगळ्यात शेवटी, दोन्ही हात टेकून उठले. आधी त्यांना जमिनीवर पडलेला मोजा दिसला, मग पाऊल. सांग-ग्यूने मान दुसरीकडे वळवली.

काकांनी ते पाऊल निरखून बघितलं. बोटं अजून लाकडाला आवळलेली होती, नखं पांढरी पडलेली.

"अजून एक नमस्कार बाकी आहे," काका म्हणाले. "दुसराही मोजा काढ."