मधली रेघ

जीवशास्त्राच्या सरांनी मैदानावर पांढऱ्या फक्कीने हे भलंमोठं चार कप्प्यांचं हृदय आखलं आणि दहावीच्या अख्ख्या वर्गाला रक्त करून पळायला लावलं. निळ्या रिबिनीवाल्यांनी फुफ्फुसाकडे जायचं, लाल रिबिनीवाल्यांनी अंगभर फिरायचं. मधली रेघ ओलांडली की बाद, हा नियम सरांचाच.

पळापळीत ती रेघ एका जागी पुसली गेली. तिथून लाल रिबिनीवाली एक मुलगी थेट निळ्यांच्या कप्प्यात घुसली आणि पोरांनी एकच गिल्ला केला, "बाद! बाद!"

"बाद नाही!" सर असे ओरडले, की पोरं जागच्या जागी थिजली. सर गुडघ्यांवर बसले आणि ओंजळीओंजळीने फक्की ओतून ती जागा तळहातांनी दाबू लागले.

"सर, पुरे की आता, मुंगीसुद्धा जाणार नाही," ती मुलगी म्हणाली. "आणि नियम तुमचाच होता ना? मी बाद तर बाद."

"भोक बुजवता येतं गं. बुजवलं की खेळ पुढे चालू. म्हण ना, चालू!"



सरांच्या आठ महिन्यांच्या लेकीच्या हृदयाचं ऑपरेशन उद्या सकाळी होतं.