काकूंचे हात

टिकटिक तिच्या पाठीशी येऊन उभा राहिला, आणि नेमकं त्याच वेळी फाटकाकडून बाळाचं रडणं ऐकू आलं.

मशिनींच्या घरघरीत दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. तिला कळलं. पान्हा फुटला, ॲप्रनखाली सगळं ओलं झालं. चहाच्या सुट्टीत नणंद रोज बाळाला घेऊन यायची. आज आलीच नव्हती. आली ती आत्ता, सुट्टी संपून गेल्यावर. आणि समोरचा गठ्ठा संपल्याशिवाय जेवायला उठायचं नाही, ही इथली रीत.

टिकटिक म्हणजे टायमिंग घेणारा साहेब; त्याच्या घड्याळावरून रोज किती कव्हरं शिवायची तो आकडा ठरायचा. नाव बायांनी ठेवलेलं. हातात घड्याळ, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. बसच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या या शेडमध्ये तो पाठीशी उभा राहिला की काय करायचं, हे कुणाला सांगावं लागत नसे. रेक्झिन दोनदा झटकायचं. दोरा तुटला नसला तरी पुन्हा ओवायचा. कात्री मांडीवर असली तरी शोधायची. सगळ्यांत सावकाश हात शेवटच्या मशीनवरच्या काकूंचे, बोटांची पेरं सुजलेली. म्हणून घड्याळ आलं की अख्ख्या शेडचे हात काकूंचे होत.

काकू खोकल्या. खोकला हीच खूण. घड्याळ आलंय, सांभाळा.

तिने ऐकलं. दोरा काढून हातात घेतलासुद्धा. पण तिकडे बाळाचा आवाज घोगरा झाला होता, मधूनच तुटत होता. रडून रडून दमलेलं लेकरू असंच तुटक रडतं.

मग तिचे हात कुणाचं ऐकेनात. रेक्झिन सरकलं, कोपरा वळला, कडेचा गोट बसला, कव्हर पलटलं, पुढचं आलं. काकू पुन्हा खोकल्या. शेजारची दातांतल्या दातांत म्हणाली, "अगं बये, आवर." पण तिचे कान फाटकाला चिकटले होते.

गठ्ठा संपला. मागे घड्याळ खट्‌कन थांबलं.

"ताई, कमाल केलीत," टिकटिक म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. "मी कधीचा सांगतोय, जमतं हे. तिकडे थांब्यावर लोक ताटकळतात, गाड्या पुरत नाहीत, आणि गाड्या का अडल्यात, तर म्हणे सीट तयार नाहीत."

त्याने जाऊन फळ्यावरचा जुना आकडा तळहातानेच पुसला, नवा लिहिला. हात झटकत वळला.

"सोमवारपासून हा. ज्यांना झेपणार नाही त्यांनी आधीच सांगा, म्हणजे आम्हाला दुसरी माणसं बघता येतील."

मशिनी क्षणभर थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. शेवटची मशीन तेवढी सुरू झाली नाही.

ती पळतच फाटकाशी गेली.

"बसच येईना, वहिनी," नणंद रडकुंडीला आली होती. "ज्या आल्या त्या गच्च भरलेल्या, थांबल्याच नाहीत. मी तरी काय करू?"

ती बाळाला घेऊन भिंतीलगतच्या खोक्यावर बसली. फाटकातून ट्रक ये-जा करत, ड्रायव्हर वाकून बघत. म्हणून सुट्टी झाली की शेडमधल्या बाया तिच्याभोवती पाठ करून उभ्या राहायच्या. चहा तिथेच, उभ्याउभ्या, आणि बाळाची रोजची थट्टाही.

"झालं का साहेबांचं जेवण?"

"चाललंय अजून. घाई करू नका, रागावतील."

आज बाया एकेक करून बाहेर आल्या, आणि पलीकडच्या भिंतीशी जाऊन बसल्या. डब्यांची झाकणं वाजली. नणंदेने एकदा तिकडे बघितलं, एकदा वहिनीकडे.

बाळ घटाघटा पीत होतं, ठसकत होतं, पुन्हा तुटून पडत होतं. "हळू रे राजा, हळू," ती म्हणाली आणि तिचं तिलाच कसंसं झालं. एक ट्रक आत येत होता. तिने अंग भिंतीकडे वळवलं.

अंगावर सावली पडली. काकू होत्या. हातात डबा नव्हता. तिच्याकडे बघितलं नाही, नणंदेकडेही नाही. फाटकाकडे तोंड करून, पाय रोवून उभ्या राहिल्या. एकट्या बाईचा होतो तेवढा आडोसा झाला.

"काकू," ती म्हणाली, "बाळ रडत होतं."

"ऐकलं मी."

"मला कळलंच नाही, माझे हात—"

"आधी पाज त्याला."

काकूंचे हात पाठीमागे होते. त्या हातांत स्टुलावरची त्यांची गादी होती, रेक्झिनच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची, त्यांनीच शिवलेली. इतकी वर्षं ती गादी शेडच्या बाहेर कधी आली नव्हती. बोटं पुरती मिटत नव्हती, म्हणून काकूंनी ती दोन्ही तळव्यांत दाबून धरली होती.

बाळाने पिता पिता हात लांब केला. गादीचा गोट त्याच्या मुठीत आला. त्याने तो घट्ट धरला, डोळे मिटले, आणि पीत राहिलं.

भोंगा वाजला. भिंतीशी बसलेल्या बाया उठल्या, डबे आवरले, आत गेल्या. ती बाळाची मूठ सोडवायला लागली.

"राहू दे," काकू म्हणाल्या. पाठ तशीच. "होऊ दे त्याचं सावकाश. मला आता कुठे घाई आहे."