चौथा कोपरा

चारुबाला मावशींनी शेवंताचा चौकोन हातात घेतला आणि शिरस्त्याप्रमाणे आधी उलटा केला. शेवंताने श्वास रोखून धरला.

सीमेपलीकडून निर्वासित होऊन चामोर्शीजवळच्या वसाहतीत आलेल्या या बायका जुन्या साड्यांचे थर रचून त्यांच्याकडची गोधडी, म्हणजे कांथा शिवत. धागाही साडीच्याच किनारीतून ओढलेला. त्यात गाठ चालत नसे. मागची बाजू पुढच्यासारखीच दिसायला हवी. शेजारच्या गावची शेवंता दोन महिने त्यांच्यात बसत होती, पण ब्लाउज शिवणाऱ्या तिच्या बोटांना सवय गाठीची. दोनदा मावशींनी सगळं उसवायला लावलं.

"कांथा कसला गं, जपमाळ शिवते ही!" लतिकाने तेव्हा टोमणा मारला होता.

दुर्गेच्या आसनासाठीच्या मोठ्या कांथ्याचे तीन कोपरे शिवून झाले होते. आज जमलं, तरच चौथा शेवंताला मिळणार होता. वसाहतीबाहेरच्या बाईला तो आजवर कधीच मिळाला नव्हता.

मावशींना आता दिसत कमी होतं. त्यांची बोटंच टाक्यांनी भरलेल्या माशावरून कमळावर, कमळावरून किनारीवर फिरली. कुठेच अडली नाहीत.

"लतिका, ये, मोज जपमाळेचे मणी!" मावशी खुदकन हसल्या. "चौथा कोपरा हिचा."

मग सगळ्याजणींना बघता यावं म्हणून त्यांनी चौकोन कौतुकाने मांडीवर पसरला. सुलटी समजून त्यांनी जी बाजू वर ठेवली, ती उलटी होती.

 शेवंताने मान ताठ केली.